कोरडा माल

साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत हर्षदचा ॲल्युमिनियम वितळवायचा गाळा आहे. तिथे आलेलं भंगार आधी रुक्मिणीच्या पाटापुढे पडतं आणि मगच भट्टीकडे जातं. हा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नाही, पण बावीस वर्षांत तो कुणी मोडलेला नाही. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी उमजतं की गाळ्याचा मालक हर्षद असला, तरी मालावर हुकूम चालतो तो पाटावरच्या बाईचा.

भंगारात काय नसतं? खिडक्यांच्या पट्ट्या, पंख्यांची पाती, स्कूटरच्या इंजिनाची कव्हरं, कुकरची झाकणं, आणि जुनी माणसं ज्यांना अजून जर्मनची भांडी म्हणतात ती पोचे आलेली पातेली. रुक्मिणी एकेक नग उचलते, हातातल्या लोखंडी कांबीने त्यावर टकटक करते, कान देते आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे भिरकावते. असे सात ढीग होतात. कुकरच्या झाकणाचा आवाज वेगळा, खिडकीच्या पट्टीचा वेगळा, आणि ॲल्युमिनियमचं सोंग घेऊन आलेल्या जस्ताचा तर अगदीच बद्द. लोखंड काय, चुंबकसुद्धा पकडतं. जस्त पकडायला रुक्मिणी लागते.

या गोष्टीचा तिला अभिमान आहे आणि तो ती लपवत बिपवत नाही. मागे एकदा पिस्तुलाच्या आकाराचं यंत्र घेऊन एक साहेब आला होता. ते तुकड्याला टेकवलं की आत कुठला धातू किती, ते पडद्यावर उमटायचं. हर्षदने गंमत म्हणून वीस तुकड्यांची परीक्षा लावली. रुक्मिणीचे एकोणीस बरोबर आले. विसावा तुकडा रंगवलेला होता, त्यामुळे तो धरायचा नाही, असं ती आजही सांगते. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

गाळ्याचा दुसरा नियम पाण्याचा. भट्टीपासून दहा पावलांत पाणी आणायचं नाही, प्यायची बाटलीसुद्धा दाराबाहेर. भट्टीत मूस असते, धातू वितळवायचं जाड भांडं. त्यातल्या रसाखाली पाणी सापडलं की त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती वाफ वरचा सगळा रस उधळून देते. रुक्मिणी हे पुस्तकात शिकली नाही. तिचा नवरा धाकू पूर्वी दुसऱ्या एका भट्टीवर होता. कुणीतरी ओला पत्रा तसाच मुशीत टाकला आणि धाकूचा डावा डोळा गेला. त्याच्या बापाला गिरणीने घरी बसवलं होतं, त्याला भट्टीने बसवलं. तेव्हा रुक्मिणी घराबाहेर पडली आणि या पाटावर येऊन बसली.

आता भट्टीच्या तोंडाशी उभा असतो तो तिचा मुलगा सुयोग. त्याने हे काम करू नये असं तिला वाटायचं, पण तिशीतल्या मुलाला आई काय सांगणार, आणि शिवाय तो कामात तरबेज होता. मुशीत जाणारा प्रत्येक तुकडा आधी आपल्या हातातून गेलेला असतो, एवढ्याच भरवशावर ती दिंडोशीला घरी जाऊन शांत झोपते.

आता शुभाताईंचं. विलेपार्ल्याच्या शुभाताई पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि मग त्यांना शिकवायला माणसं कमी पडू लागली. नवरा श्यामकांत एकटा किती शिकणार? तेव्हा त्यांनी आपली सोसायटी हाती घेतली. कोल्ड्रिंकचे आणि बिअरचे रिकामे डबे कचऱ्यात टाकायचे नाहीत, मीटरच्या खोलीतल्या पिंपात टाकायचे. सोसायटीत पिणारं कुणी नव्हतं, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. तरी दर सोमवारी सकाळी पिंपात वर्तमानपत्रात गुंडाळलेले डबे निघत. त्याबद्दल शुभाताईंनी कधी कुणाला काही विचारलं नाही, इतका शहाणपणा त्यांच्याकडे होता.

सहा महिन्यांत बाराशे डबे जमले. दोनशेचं एक अशी सहा पोती झाली, आणि प्रत्येकावर शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: '२०० नग, स्वच्छ'. ते डबे वितळताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे, असं त्यांनी ठरवलं. आसपासच्या आठ सोसायट्यांची माणसंही बरोबर आणणार होत्या. त्यांना पटलं तर आठही सोसायट्यांचा माल हर्षदकडे येणार होता.

"मावशी, उद्या पार्ल्याची मंडळी येणारेत," आदल्या दिवशी हर्षद म्हणाला. लहानपणी, गाळा बापाकडे असताना, शाळा सुटली की तो याच पाटाशेजारी बसून अभ्यास करायचा. "जरा नीट बोल हां त्यांच्याशी."

"मी कधी वाकडं बोलते?"

हर्षदने घाईने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

शनिवारी अकराच्या ठोक्याला टेम्पोतून पोती उतरली आणि पाठोपाठ रिक्षांमधून डझनभर माणसं. श्यामकांतांनी नारळ आणला होता. हळदकुंकू वाहून ते भट्टीपाशीच नारळ फोडायला वाकले, तशी रुक्मिणी पाटावरून उठली.

"साहेब, नारळ बाहेर. आत पानी नाय चालत."

श्यामकांत निमूटपणे बाहेर गेले. एवढ्यात शुभाताईंनी मंडळींना पाणी आणि वितळलेला धातू यांचं कसं वाकडं आहे ते समजावूनही टाकलं, जणू त्या रोजच भट्टीवर उभ्या असतात. मग त्यांनी छोटंसं भाषण केलं.

"खाणीतल्या दगडापासून नवं ॲल्युमिनियम करायला जेवढी वीज लागते, तिच्या विसाव्या हिश्श्यात जुनं वितळतं. म्हणजे एक नवा डबा करण्याच्या विजेत आपले वीस डबे. आणि पुनःपुन्हा वितळवला तरी हा धातू वापरून संपत नाही. कागद संपतो, प्लास्टिक संपतं. हा संपत नाही."

टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. हर्षद खुशीत येऊन म्हणाला, "सुयोग, घे रे पहिलं पोतं."

पोती थेट भट्टीकडे निघाली होती. पाटापुढे न येता.

"पोतं इकडं आण," रुक्मिणी म्हणाली.

"मावशी, सगळे डबेच आहेत गं. निवडायचं काय त्यात? मंडळी उभी आहेत."

तोवर ती पोत्याशी पोचली होती. तिने ते एका हाताने उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मनगटाने काहीतरी सांगितलं. तिने आतला एक चपटा डबा काढून कांबीने वाजवला. मग दुसरा, तिसरा. एकही मोकळा वाजेना.

"माल ओला हाय," ती म्हणाली.

शुभाताईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "ओला? अहो, तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवलाय. हात लावून बघा ना."

मंडळींनी हात लावून बघितलं. डबे खडखडीत कोरडे होते, चकचकीत होते, घरातल्या ताटवाट्यासुद्धा कुणी एवढ्या घासत नसेल. हर्षदनेही दोनचार डबे उलटेपालटे केले. मग तो रुक्मिणीजवळ आला आणि आवाज खाली आणून बोलला.

"मावशी, कोरडे आहेत. धाकूकाकांचं जे झालं ते तुझ्या डोक्यातून जात नाही, मला कळतं ते. पण आज नको ना, प्लीज."

हे तिला लागलं. भीती तिला होतीच, ती नाकारण्यात अर्थ नव्हता. पण भीतीने माल ओला होत नाही, एवढं कळण्याइतकी बावीस वर्षं या मुलाने तिला बघितलं होतं.

"सुयोग, घे," हर्षद म्हणाला.

सुयोगने आईकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात रुक्मिणी पोत्यावर बसली. पदर खोचला आणि घरच्या उंबऱ्यावर बसावं तशी ऐसपैस बसली.

तिने आजवर हर्षदचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता, आणि त्याच्या बापाचाही नाही. आज डझनभर परक्या माणसांदेखत ती त्याच्या वाटेत बसली होती. आपण चुकलो तर काय, हे तिला स्वच्छ दिसत होतं. चुकलो, तर उद्यापासून पाटापुढे माल यायचं कारण उरणार नाही. ते पिस्तुलाचं यंत्र आता स्वस्त झालंय, असं हर्षदच परवा कुणाला तरी फोनवर सांगत होता. लोक म्हणतील, म्हातारीला भास व्हायला लागले. आणि आपण बरोबर असून उठलो तर? तिने सुयोगच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन डोळे, बापासारखेच तपकिरी.

"ऊठ ना, मावशी."

"वजन कर याचं."

"कशाला?"

"शेठ, वजन करा म्हणते ना," ती म्हणाली. लोकांसमोर ती त्याला शेठच म्हणायची. मग शुभाताईंकडे वळून तिने विचारलं, "ताई, वर दोनशे लिवलंय तुम्ही. मोजण्यात चूक नाय ना?"

"माझ्या मोजण्यात चूक नसते," शुभाताई म्हणाल्या. आता त्यांनाही राग आला होता.

"मग झालं तर."

ती उठली. पोतं काट्यावर गेलं. चार किलो दोनशे ग्रॅम.

"असे रिकामे डबे दोनशे म्हंजे तीन किलो. लय झाले तर तीन," रुक्मिणी म्हणाली. "वरचं काय हाय?"

भागाकार कुणाच्याही आधी शुभाताईंचाच झाला. पस्तीस वर्षांची सवय, डोकं थांबत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता उतरला.

"डब्यामागे सहा ग्रॅम," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे... एक चमचाभर."

रुक्मिणीने पत्रा कापायची कातरी घेतली, दाराबाहेर गेली आणि सगळ्यांसमोर एक डबा मधोमध कापला. आतल्या घडीतून चमचाभर पाणी फरशीवर गळलं. त्याला भांडी घासायच्या साबणाचा, लिंबाचा वास होता.

दुसरा कापला. तेवढंच पाणी, तोच वास.

"तोंडं मी दुमडली," मागून श्यामकांतांचा आवाज आला. नारळाच्या शेंड्या त्यांच्या हातात अजून तशाच होत्या. "धुऊन झाले की चपटे करायचो आणि हातोडीने तोंड दुहेरी दुमडायचो. डास होऊ नयेत म्हणून. आमच्याकडे मागच्या वर्षी डेंग्यूचे चार पेशंट झाले. शिवाय मुंग्या."

म्हणजे हिने तीन पाण्यांनी धुवायचं, यांनी ते पाणी आत ठेवून बूच मारायचं, आणि मग दोघांनी मिळून डब्याची फक्त पाठ उन्हात शेकायची. स्वच्छतेचा कळस झाला होता. आळशी माणसाच्या हातून असली चूक कधी होत नाही. तो डबा न धुता, न चेपता तसाच फेकतो, आणि त्यातलं पाणी आपोआप वाळून जातं.

"बाराशे डबे," शुभाताई पुटपुटल्या. "सात लिटर."

सात लिटर पाणी भट्टीत घालायला आपण वाजतगाजत आलो होतो, हे मग एकेकाच्या ध्यानात आलं. मोबाइल खाली गेले. हर्षद भट्टीच्या तोंडाकडे बघत राहिला, मग सुयोगकडे. सुयोग आईच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रुक्मिणीबाई, मी हे सगळं परत नेते," शुभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकते. पुन्हा हा उद्योग नको. कुणाचा जीव गेला असता माझ्या हौसेपायी."

"फेकायचं नाय," रुक्मिणी म्हणाली.

ती इतकी ताडकन बोलली की सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"माझं माहेर मंडणगडच्या बाजूला. गावाच्या डोक्यावर सडा. सडा म्हंजे वरचं कातळाचं माळरान. आय आमची तिथं गुरं न्यायची. श्रावणात एवढी फुलं की पाय ठेवायला जागा नसायची. मग लाल दगड न्यायला गाड्या आल्या. त्याच दगडाचं हे करतात." तिने हातातला कापलेला डबा वर धरला. "अकरा वर्सं नेला दगड. सडा खरवडला आणि खालचा झरा आटला. आमच्या बाया पान्याला पार दुसऱ्या वाडीत जायला लागल्या. आय माझी शेवटपर्यंत जात होती."

ती थांबली. एवढं ती कधी बोलत नसे, आणि परक्यांपुढे तर नाहीच.

"तुमचं ते विजेचं मला जास्त कळत नाय, ताई. मला एवढंच कळतं, हे पोतं इथं वितळलं तर तेवढा दगड कुणाच्या तरी गावात जागेवर राहतो. सडा परत भरून येत नाय. डबा परत होतो. बावीस वर्सं मी काय उगाच टकटक करत बसलेय? एक डबासुद्धा फेकायचा नाय."

सुयोगला हे सगळं नवीन होतं. आजीचं पाणी त्याला माहीत होतं, दगडाचं माहीत नव्हतं. आपली आई पोटासाठी इथे बसते, असंच तो आजवर समजत आला होता.

शुभाताईंनी पर्स श्यामकांतांच्या हातात दिली. "कातऱ्या किती आहेत?" त्यांनी विचारलं.

कातऱ्या चारच होत्या. शेजारच्या गाळ्यांतून आणखी पाच आल्या. दाराबाहेर सावलीत ताडपत्री अंथरली आणि पार्ल्याची मंडळी मांडी घालून बसली. इस्त्रीचे कुडते आणि रेशमी काठाच्या साड्या काळ्या व्हायला दहा मिनिटं पुरली. रुक्मिणी मधे बसली. डबा असा धरायचा, कातरी इथून घालायची, घडी पूर्ण उलगडायची, बोट कापून घ्यायचं नाही. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या शुभाताईंच्या तिने तीन वेळा चुका काढल्या.

"असं नाय, ताई. मधून."

"मधूनच कापतेय की."

"ते मधून नाय."

श्यामकांत पक्कड घेऊन आपण दुमडलेली तोंडं एकेक करून उलगडत होते, आणि इतकं चोख काम केल्याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप होत होता. हर्षदही येऊन बसला.

"मावशी, मी मघाशी..."

"काप," ती म्हणाली. त्याने मान खाली घालून कापायला घेतलं.

कापलेले तुकडे सुयोग लोखंडी परातीत भरून दाराबाहेरच शेगडी पेटवून तापवलेल्या पत्र्यावर पसरत होता. उरलंसुरलं पाणी तिथे चुर्रकन उडून जाई. पार्ल्याच्या एक आजी म्हणाल्या, मेथी निवडण्यापेक्षा हे बरं, यात माती नाही. लोक हसले. दीड वाजेपर्यंत सहाच्या सहा पोती रिकामी झाली, आणि जेवणाची कुणाला आठवणही झाली नाही.

मग सुयोगने वाळलेल्या तुकड्यांची पहिली परात उचलली आणि तो भट्टीकडे निघाला. मूस लाल झाली होती, तळाला रस तयार होता. तो तोंडाशी पोचणार एवढ्यात हर्षदने हात आडवा धरला.

"थांब."

त्याने परात सुयोगच्या हातातून घेतली, उलटा फिरला आणि ती पाटापुढे नेऊन ठेवली. "मावशी, बघ," तो म्हणाला. मंडळीही पाठोपाठ वळली. शुभाताई सगळ्यांत पुढे उभ्या होत्या, हात काळे, केस विस्कटलेले, आणि उत्तरपत्रिका तपासून हातात पडायची वाट बघणाऱ्या मुलीइतक्या गप्प.

रुक्मिणी सावकाश पाटावर टेकली. तिने वरचे तुकडे बाजूला सारले, कारण वरचे तुकडे नेहमीच कोरडे असतात. मधले काही उचलून गालाला लावले. एक कानाशी धरून कांबीने वाजवला. आवाज मोकळा आला. तिचा ऊर भरून आला. इतकी माणसं, चालू भट्टी, शेठ, तिचा मुलगा, सगळे तिच्या एका शब्दासाठी खोळंबले होते, आणि हे तिने कुणाकडे मागितलं नव्हतं.

"घालू, आई?" सुयोगने विचारलं.

"थांब," ती म्हणाली, आणि तळातली आणखी एक मूठ उचलली.